पळसापाशी उजवीकडे

माझ्या बाबांनी मला जंगलातली गाडी शिकवली तेव्हा त्यांना दिसत नव्हतं. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या तोंडाकडे पाहत बसतात, बाई थापा तर मारत नाही ना म्हणून. थापा मारायची मला सवय नाही. चिडायची आहे. ती आमच्या घरात सगळ्यांनाच होती, आणि त्या जीपमध्ये आम्ही तिघं बसलो की रस्त्यावरची पाखरंसुद्धा उडून जायची.

काचबिंदूनं बाबांचे डोळे हळूहळू नेले. शेवटी शेवटी उजेड कुठून येतो एवढं कळायचं, समोर कुणीतरी उभं आहे एवढं कळायचं. कोण, ते आवाजावरून. तोवर त्यांचं सगळं आयुष्य दोन कामांत गेलं होतं. पावसाळ्यात आमच्या बांद्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, धान, आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची जीप. पानांची पोती, मजूर, पाण्याचे पिंप घेऊन ते आंबागडच्या किल्ल्यामागच्या जंगलात फिरायचे. ठेकेदारानं जीप मोडीत काढली तेव्हा बाबांनी ती घरी आणली आणि आईनं त्यांच्याशी अबोला धरला. डोळे गेल्यावर जीप गोठ्याशेजारी मांडवाखाली उभी राहिली. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. "चाला, कोनाच्या तरी कामी आली," असं आई जाता-येता ऐकवायची. बाबा संध्याकाळी मात्र चाचपडत जाऊन बॉनेटवरून हात फिरवून यायचे, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मी तुमसरला राहते. राईस मिलच्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. छोटी कार आहे आणि ती मी चांगली चालवते, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते कारण दुसरं कुणी सांगत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या शहापूरजवळच्या हायवेवर ट्रकांच्या मधून मी गाडी काढली आहे, घाम न येता. दर रविवारी सकाळी गावी जायचं, आईच्या हातचं जेवायचं, दोघांच्या भांडणात न्यायनिवाडा करायचा आणि संध्याकाळी परत यायचं, असं माझं चाललं होतं.

आता आईच्या झाडाबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही.

जंगलात आत, गाडीवाटेनं गेलं की एका उतारावर एक मोहाचं झाड आहे. ते आईचं. कागदावर कुणाचंच नाही, पण गावात सगळ्यांना ठाऊक. तिला ते तिच्या आईकडून मिळालं होतं. आमच्याकडे असंच चालतं. फागुनात मोहाची फुलं पडायला लागली की जो झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा लख्ख करतो, त्या मोसमाची फुलं त्याची. पिढ्यान्‌पिढ्या एकेका झाडाखाली एकेका घरचा खराटा ठरलेला. घरात आजारपण आलं, बाळंतपण आलं, तर गाव थांबतं. एक मोसम थांबतं, दुसराही थांबतं. तिसऱ्या मोसमालाही झाडाखाली कुणी उभं राहिलं नाही, तर झाड मोकळं झालं असं समजायचं. मग जो पहिल्यांदा सगळी जागा झाडून काढील त्याचं.

आईचे दोन मोसम गेले होते. दोन्ही गुडघे झिजलेले. घरातून अंगणात यायचं तर भिंत धरून. पहिल्या वर्षी पुतण्यानं तिला मोटरसायकलवर बसवून नेलं, ती नाल्याच्या अलीकडेच गाडीसकट आडवी झाली आणि चार जणांनी खाटेवर घालून घरी आणली. त्यानंतर तिनं मोटरसायकलचं नावही काढू दिलं नाही. मजूर लावून झाडून घे म्हटलं तर म्हणाली, "मजुराचा खराटा कोन मोजते? मीच उभी पाहिजे ना तिथं."

"आई, त्या फुलांवाचून आपलं काय अडलं आहे?" असं मी एकदा म्हणाले. खरंच अडलं नव्हतं. थोडी फुलं सुकवून ती तिळासोबत कुटून लाडू करायची, थोडी गाईला, थोडी शेजारी. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती रडली. आमच्या घरात रडण्याची पद्धत नाही.

तिसरा फागुन जवळ येत होता. एका रविवारी जेवताना बाबा मध्येच म्हणाले, "जीप आहे ना."

"जीप आहे," आई म्हणाली. "डोळे कुठून आनता?"

"डोळे पोरीचे."

मी घास तोंडात तसाच ठेवला. "मी? त्या खटाऱ्यात?"

"काहून? मोठी हायवेवाली आहेस ना तू," बाबा म्हणाले. "ते वाट तं एकदम सोपी आहे. शिकाऊ मानसासाठीच केल्यासारखी. चढ नाही, खडक नाही, एक नाला आनि एक बोडी. बैलं तं झोपेत जाते तिथून."

बैलांशी तुलना झाल्यावर मी हो म्हणाले. माझा स्वभावच तसा आहे, आणि बाबांना तो माहीत होता.

कोंबडीला हलवलं. तिनं आठवडाभर गोंधळ घातला. तुमसरहून एका मिस्त्रीला आणून जीप सुरू केली, तेव्हा मांडवाखाली एवढा काळा धूर झाला की आईला वाटलं धानाच्या तणसाच्या ढिगाला आग लागली. बाबा मात्र धुरात उभं राहून हसत होते. त्यांना हसताना मी किती दिवसांनी पाहत होते.

मग दर रविवारी शिकवणी. बाबा शेजारी बसायचे, एक हात समोरच्या लोखंडी दांडीवर, दुसरा मांडीवर. पहिली गोष्ट त्यांनी शिकवली ती अंगठ्याची. डांबरी रस्त्यावर आपण स्टिअरिंगला मूठ मारतो, अंगठा आत. बाबांनी चाचपून माझे दोन्ही अंगठे बाहेर काढले.

"काहून?" मी विचारलं.

"चाक दगडावर चढलं का स्टिअरिंग गरकन फिरते. अंगठा आत असन तं मोडते. मंग कपडे कायनं शिवशीन?"

दुसरी गोष्ट, क्लचवरून पाय काढ. ही ते इतक्या वेळा म्हणायचे की मला झोपेत ऐकू यायचं. जीपला गिअरच्या शेजारी एक लहान दांडा होता. तो ओढला की चारही चाकं ओढतात. बाबा म्हणत, तो ओढला, पहिला गिअर टाकला, की पाय बाजूला घे आणि गाडीला तिच्या चालीनं जाऊ दे. मला ते जमेना. मला वाटायचं मी काही केलं नाही तर गाडी चालणार कशी. "तू बसून राय," बाबा म्हणत. "तिले मालूम आहे चालाचं. तू निस्ती वाट दाखव."

तिसरी गोष्ट बैलगाडीच्या चाकोऱ्यांची. आमच्या वाटेवर वर्षानुवर्षं बंड्या चालून दोन खोल चर पडले आहेत आणि मधे उंच वरंबा. नवा माणूस दोन्ही चाकं इमानदारीनं दोन्ही चरांत घालतो, आणि मग जीपचं पोट मधल्या वरंब्यावर बसतं. मी तेच केलं. गाडी टांगली गेली, चाकं हवेत फिरायला लागली. बाबांनी खाली उतरून हातानं वरंबा चाचपला आणि म्हणाले, एक चाक वरंब्यावर ठेव, दुसरं चराच्या बाहेरच्या काठावर. तिरपं वाटंन, पन वाटू दे. पुढच्या रविवारी मी तसं नेलं. तिरपं वाटलं. आईनं दिलेला शिदोरीचा डबा माझ्या पायांत येऊन पडला, पण गाडी गेली.

अवघड जागा आली की ते मला खाली उतरवायचे. आधी चालून ये. पायाखाली काय लागते ते मले सांग. मऊ का टणक, वाळू का माती, ओल किती. मी चालून येऊन सांगायची, ते ऐकून ठरवायचे. मला कंटाळा यायचा. नाल्यातली वाळू दर आठवड्याला तीच, तरी दर आठवड्याला मी चप्पल काढून त्यातून चालायची. पण त्या रविवारांतली सकाळ मला अजून आठवते. सागाची मोठाली सुकी पानं चाकाखाली पापडासारखी मोडायची, मागे धुळीला ऊन लागायचं, आणि बाबा मान किंचित वाकडी करून सगळं ऐकत असायचे. त्यांना वाट धक्क्यांवरून पाठ होती. "आता खडखड येईन, तो जुना मोरीचा दगड. आता सरसर येईन, ते नाल्याची वाळू. आता गाडी डावीकडं झुकंन, बोडीची पाळ." आणि ते म्हणायचे तसंच व्हायचं. मी कौतुकानं त्यांच्याकडे पाहिलं की लगेच, "समोर पाह्य." त्यांना कसं कळायचं देव जाणे.

एकच गोष्ट चुकायची. बोडी, म्हणजे वाटेवरचं लहान तळं, ओलांडून पुढे गेलं की वाट फुटते. बाबा म्हणायचे, "आता पळस येईन. मोठा आहे, दुरून दिसते. पळसापाशी उजवीकडं वळ. आला का?"

पळस नव्हता. एक खुंट होता, गुडघ्याएवढा, वरून काळा पडलेला. कुणी कधी तोडला, माहीत नाही. पहिल्यांदा मी तोंड उघडलं, तर मागे बसलेल्या आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. आणि तीच म्हणाली, "आला ना, लालभडक फुलून राहिला."

"फुललाच असन," बाबा खूश होऊन म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी ते विचारायचे आणि मी म्हणायची, आला. आणि खुंटापाशी वळून तिथूनच माघारी फिरायची. झाडापर्यंत आम्ही तेव्हा जात नव्हतो. आईनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, रिकाम्या हातानं झाडाखाली जायचं नाही, जायचं ते खराटा घेऊन, फुलं पडायच्या दिवसांत.

तो दिवस आला तेव्हा तांबडं फुटत होतं. मोहाची फुलं पहाटे गळतात, ऊन चढेपर्यंत वेचायची असतात. आई मागे टोपली, खराटा, एक रिकामं पोतं आणि तिचं एक जुनं लुगडं घेऊन बसली. लुगडं फुलं ओतायला. ती इतकी गप्प होती की मला भीती वाटली. गावात कळलं होतं की आईच्या झाडाशेजारी जिचं झाड आहे ती बाई खराटा बांधून तयार आहे. त्यात तिचं काही चुकत नव्हतं, नियम तोच. आज आम्ही पोचलो नाही तर ते झाड आईचं राहणार नव्हतं, आणि मला पुढच्या रविवारी आईचं तोंड पाहायची हिंमत झाली नसती.

मोरीचा दगड झाला, नाला झाला. नाल्यातून मी इतकी छान काढली की बाबा "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे खूप झालं. मग बोडीची पाळ आली. तिथं वाटेवर दुसऱ्या एका घरचं मोहाचं झाड झुकलेलं आहे, आणि त्या पहाटे दोन्ही चाकोऱ्यांवर फुलांचा सडा पडला होता, पिवळा, मऊ, दवानं भिजलेला.

"फूल, फूल," आई मागून ओरडली. "चाक नको घालू वो त्याच्यावर."

आमच्याकडे कुणी घालणार नाही. दुसऱ्या घरचं फूल म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं. माझा हात डोक्याच्या आधी वळला. मी गाडी डावीकडे घेतली, फुलांना वळसा घालून, बोडीच्या काठानं. फागुनात बोडी आटत आलेली असते. वरची माती सुकून तिला भेगा पडल्या होत्या, दिसायला जमिनीसारखी जमीन. पापुद्रा फुटला आणि डावीकडची दोन्ही चाकं आत गेली. जीप कलली. आई सीटवरून घसरत दाराशी आली. धानाच्या चिखलात जन्म काढलेल्या घरातली मी, मला बोडीचा काठ कळू नये. मी घाबरून आणखी रेस दिली. चाकांनी चिखल उडवला आणि आणखी खाली बसली.

"पाय काढ," बाबा म्हणाले. आवाज अगदी शांत. "बंद कर गाडी."

मी बंद केली.

"बोडीत घातली?"

"हो."

"फुलासाठी?"

"आई ओरडली."

"फुलावर ओरडते, बोडीवर नाही ओरडत," बाबा मागे न वळता म्हणाले.

"अजी, बोडी काय मले मागून दिसते?" आई म्हणाली.

"थांबाचं होतं. उतराचं, फूल बाजूला साराचं, ढीग लावून ठेवाचा, मंग जाचं. कोनी कोनाचं खात नाही त्यात."

आणि मग मी भडकले. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एक म्हणते फूल, एक म्हणतो क्लच, एक म्हणते पळस फुलला, मी ऐकू कुणाचं, मला दोन हात आहेत की चार, उगाच मी यात पडले, दुकान बंद ठेवून मी इथं चिखलात येऊन बसले आहे. मी रडत होते आणि त्याचाही मला राग येत होता. दोघंही ऐकून घेत राहिले. माझं संपल्यावर बाबा म्हणाले, "झालं? मंग आता काडी दे."

माचिसची काडी. ते दार धरून उतरले, वाकून टायर चाचपत गेले, आणि एकेका चाकाची हवा काडीनं सोडत, दाबून पाहत, पुन्हा सोडत राहिले. टायर पसरला की चिखलावर जास्त जागा धरतो, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. मी हातांनी चाकांमागची माती उकरली. मागच्या चाकाखाली पोतं घातलं. पुढच्यासाठी काही नव्हतं. आईनं लुगडं पुढे केलं. ते नेसून नेसून मऊ झालेलं होतं. मी नको म्हणाले तर म्हणाली, "घाल. झाड राहिलं तं लुगडे लई भेटतीन."

लहान दांडा ओढला. रिव्हर्स टाकला. अंगठे बाहेर. पाय क्लचवरून काढला आणि खरंच काही केलं नाही, बसून राहिले. जीप थरथरली, चाकं लुगड्यावर चढली, फाटल्याचा आवाज झाला, आणि ती आपल्या चालीनं मागे आली, टणक जमिनीवर. मी उतरले, खराट्यानं वाटेवरची फुलं एका बाजूला सारून ढीग लावला आणि तिथून पुढे गेले. कुणी शाबास म्हणालं नाही. ऊन वर येत होतं.

वाट फुटते ती जागा जवळ आली. बाबांनी दांडीवर हात ठेवला.

"आता पळस येईन. आला का?"

मागून आईचा हात माझ्या दंडाकडे आला. मी तो झटकला. अंगावर चिखल वाळत होता आणि माझ्यातला राग अजून पुरता गेला नव्हता.

"बाबा, पळस नाही तिथं. मी शिकायला लागले तेव्हापासून नाही. कोणीतरी तोडला. खुंट आहे."

जीप पहिल्या गिअरमध्ये चालत होती.

"मंग तू दर वेळी आला काहून म्हने?"

"आई चिमटा काढते."

आईनं मागे खोकल्याचा बहाणा केला.

"कोनी तोडला?"

"मालूम नाही."

त्यांनी दांडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला, दुसऱ्या हातावर. "मंग मी नाही बोलत आता," ते म्हणाले. "माही वाट जुनी झाली. तुले दिसते तसं घे."

ते रागानं म्हणाले असते तर मला चाललं असतं. मला वाटलं, त्यांच्याकडे उरलेलं एवढंसं दिसणंही मी आज काढून घेतलं. पण गाडी चालत होती आणि समोर पाहायला दुसरं कुणी नव्हतं. मी खुंटापाशी उजवीकडे वळले. पुढचा तुकडा मी कधी चालवला नव्हता. वाटेवर एक ऐनाचं झाड आडवं पडलं होतं, त्याला वळसा घालताना मी आधी उतरून चालून पाहिलं. दगडावर चाक चढलं तेव्हा स्टिअरिंग गरकन फिरलं आणि माझे अंगठे शाबूत राहिले. मग एकाएकी बाबांनी मान वर केली, नाकानं श्वास घेतला आणि म्हणाले, "आलं."

मला अजून दिसलंही नव्हतं. वळणावरून पुढे गेल्यावर झाड दिसलं.

झाडाखाली ती शेजारची बाई होती. अर्धी जागा झाडून झाली होती. तिची टोपली मुळाशी ठेवलेली. जीपचा आवाज ऐकून ती केव्हाची थांबली असावी, खराटा हातात उभा धरून. मी आईला धरून उतरवलं. आई तिथपर्यंत चालली, एक हात माझ्या खांद्यावर, गुडघे कटकट वाजत होते. झाडाच्या बुंध्याला हात लावून ती उभी राहिली आणि दम खात राहिली.

"काकू, मी समजली तुमी नाही येत यंदा," ती बाई म्हणाली.

"आली ना."

"कोन आनलं?"

"लेकीनं."

त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, चिखलानं भरलेली साडी, हात, तोंड. मग जीपमध्ये बसलेल्या बाबांकडे पाहिलं. तिला सगळं कळलं असावं. तिनं आपला खराटा बाजूला ठेवला, पण गेली नाही.

"आनि पुढच्या साली?" तिनं विचारलं. खवचटपणे नाही. तिलाही घर होतं, तिलाही ठरवायचं होतं.

आईनं आपला खराटा माझ्यापुढे धरला. तेव्हा मला समजलं की आई एवढ्या दिवसांपासून फुलांसाठी अडून बसली नव्हती. तिला झाड राखायचं नव्हतं, ते द्यायचं होतं, आणि ते देता येतं फक्त तिथं उभं राहून, जो स्वतः येऊ शकतो त्याच्या हातात. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी तिला तिथं आणलं असतं तर ते द्यायचं तसंच राहून गेलं असतं.

मी खराटा घेतला. "मी येईन," मी त्या बाईला म्हणाले. "दर साली."

उरलेली अर्धी जागा मी झाडली. आईनं बुंध्याशी बसून कुठं राहिलं, कुठं नीट निघालं नाही, हे सांगितलं, म्हणजे तिची तब्येत सुधारली होती. फुलं वेचायला त्या बाईनंही हात लावला आणि आईनं तिची टोपली आधी भरून दिली. आमच्याकडे ओतायला काही उरलं नव्हतं, म्हणून बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दिला. ते जीपमध्येच बसून होते, एक एक फूल तोंडात टाकत.

परतताना आई पुढच्या सीटवर बसायला तयार होईना, बाबांना मागे बसवायचं नाही म्हणाली. ती मागे फुलांच्या बोचक्याला टेकून झोपली. बाबा जागे होते, हात मांडीवर. वाट फुटते तिथं आम्ही येत होतो तेव्हा त्यांनी घसा साफ केला.

"खुंट आला का?"

मला हसू फुटलं आणि डोळेही भरले. "आला, बाबा."

"मंग वळ डावीकडं," ते म्हणाले.

त्यानंतर दोन फागुन ते आमच्यासोबत आले, आणि दोन्ही वेळा जाता-येता न चुकता विचारलं, खुंट आला का. तिसऱ्या फागुनाच्या आधीच्या थंडीत ते गेले. मला वाटलं होतं आई आता जंगलात येणार नाही. पण मोहाचे दिवस आले तशी ती पहाटे उठून, भिंत धरत धरत जीपपाशी जाऊन उभी राहिली. मी मागचं दार उघडलं, तर तिनं ते ढकलून लावलं आणि पुढचं धरलं. पुढे बसली आणि एक हात समोरच्या लोखंडी दांडीवर ठेवला.

तेव्हापासून ती पुढे बसते. आम्ही भांडतो, मी चुकीची वळले की ती "समोर पाह्य" म्हणते, तिला काही दिसत असो वा नसो. मोरीचा दगड आला की खडखड म्हणते, नाला आला की सरसर. वाट फुटायची जागा जवळ आली की घसा साफ करते आणि बाबांच्या आवाजात विचारते, "खुंट आला का वो?" मी आला म्हणते आणि वळते.

यंदा तिनं विचारलं तेव्हा मी समोर पाहतच राहिले. त्या खुंटाला फुटवे फुटले होते ते मी मागेच पाहिलं होतं, पळसाचं तसंच असतं, तो मरत नाही सहजासहजी. पण यंदा फुटवे माझ्या उंचीच्या वर गेले होते, पानं गळून उघडे झाले होते, आणि दोन फांद्यांवर फुलं आली होती, भडक, उन्हात पेटलेली. मी ब्रेक दाबला. जीप थांबली, मागची धूळ पुढे येऊन आमच्या अंगावर बसली. आईच्या डोळ्यांतही आता मोतीबिंदू उतरला आहे. तिला दिसलं नव्हतं.

"आला का खुंट?" तिनं पुन्हा विचारलं.

"आई, पळस आला."

दांडीवरचा हात काढून तिनं पदरानं डोळे पुसले, मग नाक पुसलं, मग हात परत दांडीवर ठेवला.

"मंग वळ की," ती म्हणाली. "थांबली कायले?"